कोंबड्यांच्या पाठी परत परत उघड्या पडतायत? माझे तीन वर्षांचे घोळ वाचा

आधी एक भानगड मिटवून टाकते. मराठीत 'कोंबड्यांनी' म्हटलं की बाप्यांनी की बायकांनी हे कळायला मार्गच नाही, त्यामुळे खाली मी कोंबड्याला सरळ नर म्हणणारे आणि कोंबडीला कोंबडी. नाहीतर 'कोंबड्यांची पिसं कोंबड्यांनी उपटली' असलं काहीतरी लिहून मीच अडकेन.

तर प्रॉब्लेम असा. कुडाळ तालुक्यात आमचं घर, मागे परसू, एका बाजूला चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची बुटकी भिंत, आणि त्याला लागून खुराडं. सहा कोंबड्या आणि एक नर. चार गावठी, एक आरआयआर (ऱ्होड आयलंड रेड) क्रॉस, आणि एक कडकनाथ, ती माझी हौस, झाबुआच्या कडकनाथला २०१८ ला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला तेव्हापासून डोक्यात होतं की एक तरी पाहिजे. गेल्या तीन वर्षांत चार वेळा या बायांच्या पाठीवरची पिसं जाऊन गुलाबी कातडी दिसायला लागली. उपाय केला की थांबायचं, आणि काही महिन्यांनी परत तेच. दर वेळी मला वाटायचं उपाय फसला. फसला नव्हता, दर वेळी कारण वेगळं होतं आणि मी जुनंच औषध नव्या दुखण्याला लावत बसले होते. ज्यांच्याकडे परसात पाच-दहा कोंबड्या आहेत त्यांच्यासाठी लिहितेय, पाचशेच्या शेडवाल्यांचं गणित निराळं, त्यात मला काही कळत नाही.

पहिलं काम, पिसं नक्की कुठली गेलीयत ते बघा. हे मी पहिल्या वेळी केलंच नाही, पाठ उघडी दिसली की उवा असं ठरवून चुलीची राख चोळत बसले, आठ दिवस. नराचं काम असेल तर खुणा ठरलेल्या असतात. तो पाठीवर चढतो तेव्हा दोन्ही पायांनी पंखांच्या मधली जागा आणि शेपटीच्या अलीकडच्या दोन बाजू तुडवतो, आणि चोचीने डोक्यामागची नाहीतर मानेची पिसं धरतो तोल सांभाळायला. म्हणजे पाठ आणि डोक्याची मागची बाजू अशी जोडी दिसली की नर. उवांची जागा शेपटीखाली, जिथून अंडं येतं त्याच्या आसपास आणि पंखांखाली असते, पिसाच्या बुडाशी पांढरट गठ्ठे चिकटलेले दिसतात, ती त्यांची अंडी. लाल गोचडीसारखे बारीक किडे असतात ते दिवसा खुराड्याच्या बांबूच्या फटीत लपतात आणि रात्री रक्त प्यायला येतात, त्यामुळे दिवसा कोंबडी हातात घेऊन काही सापडत नाही, रात्री नऊनंतर मोबाईलचा टॉर्च घेऊन बसायच्या काठ्यांच्या खालून बघा. फक्त छाती-पोट उघडं असेल तर बाई खुडूक आहे, स्वतःच उपटते पिसं, अंड्याला अंगाची ऊब लागावी म्हणून. मानेपासून सुरू होऊन हळूहळू सगळं अंग विस्कटलेलं दिसत असेल आणि अंडी पण बंद असतील तर ती वार्षिक पिसं टाकतेय, तिला काही करू नका, चांगलं खायला घाला. आणि फक्त शेपटीच्या बुडाशी टक्कल असेल तर बहुतेक कोंबड्याच एकमेकींना टोचतायत, जागा कमी पडते किंवा खाण्यात काहीतरी कमी असतं तेव्हा होतं ते.

दुसरं काम जरा मजेचं आहे, चहा घेऊन मागच्या पायरीवर बसायचं. वेळ संध्याकाळी साडेचार ते सहा. कोंबड्या बहुतेक सकाळी ते दुपारपर्यंत अंडं घालून मोकळ्या होतात आणि नराचा खरा उद्योग उतरत्या उन्हात चालतो, सकाळी बघून 'आमचा नर तर गरीब आहे हो' असं म्हणू नका. मी पहिल्यांदा बसले तेव्हा दीड तासात नऊ वेळा चढला तो, त्यातल्या पाच वेळा एकाच कोंबडीवर, ठिपकीवर. बाकीच्या चौघी मिळून चार, आणि कडकनाथच्या वाटेला तो गेलाच नाही कारण ती गडग्यावर जाऊन बसली होती. एका नराची एक-दोन लाडकी असतात आणि सगळ्यात आधी पाठ त्यांचीच जाते. लाडकी बहुतेक वेळा तीच असते जी पटकन खाली बसते, आपण जवळ गेलो तरी पंख पसरून दबून बसते ना, तशी. अशी कोंबडी सहसा चांगली अंड्यावरची असते, म्हणजे जी रोज अंडं देते तिचेच हाल.

बसल्यावर अजून एक बघायचं, तो विचारतो की नाही. हसू नका. चांगला नर आधी काहीतरी शोधतो, गांडूळ, वाळवी, पोहे, काहीही, आणि कुक कुक कुक करून हाका मारतो, चोचीत उचलतो, टाकतो, परत उचलतो, स्वतः खात नाही. कोंबडी येऊन खाते. मग तो एक पंख खाली सोडून तिच्याभोवती आडवा आडवा फिरतो, पायाची बोटं पंखाच्या पिसांवर घासून खर्र असा आवाज येतो, आणि ती तयार असेल तर बसते नाहीतर चालती होते. चढणं ते उतरणं चार-पाच सेकंदांचं काम, उतरल्यावर कोंबडी अंग फडफडून झटकते आणि दाणे टिपायला लागते जसं काही झालंच नाही. हे असं चाललं असेल तर पिसं फार जात नाहीत कारण ती स्थिर बसलेली असते. पोरसवदा नर यातलं काही करत नाही, मागून पळत येऊन मान धरतो, ती ओरडत पळते, हा मानेला लोंबकळत जातो, आणि पिसं जातात ती या ओढाताणीत. नर चार-साडेचार महिन्यांत माजावर येतो, अक्कल वर्षभराने येते. त्याला मोठ्या, वयाने दांडग्या कोंबड्यांत वाढवलं तर लवकर येते कारण त्या उलट टोचतात. नुसत्या तलंगांमध्ये, म्हणजे कोवळ्या कोंबड्यांमध्ये, सोडलात तर गुंड होतो.

आता माझे चार अपघात.

पहिला, वजनाचा. नर गिरिराज होता. दिसायला काय सांगू, पण गिरिराज वनराज वगैरे वजनाला भारी जाती, आणि माझ्या गावठी कोंबड्या मुठीएवढ्या. सासूबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "अगो, रेड्याक शेळयेवांगडा कोण बांधता?" मी हसण्यावारी नेलं. नंतर पिशवीत घालून काट्याला लटकवला तर नर ३ किलो ६०० ग्रॅम आणि ठिपकी १ किलो १५०. म्हणजे तिच्या तिप्पट वजन, नखांवर तोललेलं, दिवसातून इतक्या वेळा. ठिपकीचा पंख उचलून बघितला तर खाली बरगडीवर दोन इंचांची चीर होती, वरून काहीच दिसत नव्हतं, पंखाने झाकलेली. हे प्लीज लक्षात ठेवा, पाठ बघून थांबू नका, दोन्ही पंख उचलून खालची कातडी बघा, टाचेमागच्या काट्याने तिथेच फाटतं. पावसाळ्यात अशा जखमेवर माशी बसली की दोन दिवसांत अळ्या होतात. मी मिठाच्या कोमट पाण्याने धुऊन बीटाडीन लावलं आणि तिला वेगळ्या डालग्याखाली ठेवलं, कारण रक्ताचा लाल ठिपका दिसला की बाकीच्या बाया टोचून टोचून त्याचा खड्डा करतात. चीर उघडी असेल, आतलं मांस दिसत असेल किंवा वास येत असेल तर घरी हळद भरत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, टाके पडतात कोंबडीला पण.

खरा उपाय म्हणजे नर बदलणं, पण इथे माझी अडचण अशी की तो राखणीला बोललेला होता. कोकणाबाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे वर्षातून एकदा जागेच्या राखणदाराला नर देतात आणि एकदा हा म्हणून बोललात की तो विकायचा नाही, कुणाला द्यायचा नाही, मध्येच खायचा तर नाहीच. राखण अजून चार महिने लांब. तोपर्यंत ठिपकी जगायला पाहिजे.

मग नखं. रात्री खुराड्यात हेडलाईट लावून गेले, अंधारात नर अगदी गरीब असतो, उचलून टॉवेलात गुंडाळला, नवऱ्याने धरला. नखाचं फक्त टोक कापायचं, आत रक्तवाहिनी असते, उजेडासमोर धरलं की पिवळट नखात गडद रेघ दिसते तिच्या अलीकडे थांबायचं. काळ्या नखांत रेघ दिसत नाही तिथे कापूच नका, कानशीने घासा. टाचेच्या काट्याचं पण तेच, तो म्हणजे नुसतं टरफल नाही, आत हाड असतं आणि त्याला रक्त असतं, मुळापासून उडवायचा नाही, सुईसारखं टोक घासून बोथट करायचं, गोळीसारखं गोल. गरम बटाटा काट्यावर खोचून वरचं टरफल काढायची एक पद्धत सांगतात, मला ती पटत नाही, पाय भाजतो. रक्त आलंच तर हळद दाबून धरा दोन मिनिटं. आणि हौसेने फार आखूड पण नका कापू, नखं नसली की नर पाठीवर घसरतो आणि मग पकड घ्यायला अजून तुडवतो, हा माझा अनुभव आहे.

आणि जॅकेट. मुलाच्या जुन्या जीन्सचा तुकडा, वीतभर लांब, मानेकडे अरुंद आणि शेपटीकडे रुंद, दोन बाजूंना इलॅस्टिकचे दोन फास, पंख त्यातून बाहेर काढायचे. दुप्पट कापड घेतलं आणि मध्ये काही भरलं नाही. पहिल्या दिवशी ठिपकी उलटी चालत होती, मागे मागे, कुणीतरी पाठीवर बसलंय असं वाटत असावं तिला, दुसऱ्या दिवशी विसरली. फास इतका सैल पाहिजे की आपलं बोट आत जाईल, नाहीतर पंखाच्या मुळाशी कातडी सोलते. आणि हे जॅकेट घालून विसरायचं नाही, दर चार दिवसांनी काढून खाली बघायचं कारण कापडाखाली उवांची मजा होते, धुळीत लोळली तरी पाठीला माती लागत नाही ना. उन्हाळ्यात उघड्या कातडीला ऊन लागतं त्यासाठी पण चांगलं. पावसात ओलं राहतं, तेव्हा नको.

राखण झाली, गिरिराज मार्गी लागला, आणि मी गावातून गावठी नर आणला, पावणेदोन किलोचा, एकदम सभ्य, गांडूळ दाखवल्याशिवाय पुढे न जाणारा. मला वाटलं संपलं.

आता जो मुद्दा सांगतेय तो मला आधी कुणी सांगितला असता तर माझे सहा महिने वाचले असते. नर गेला तरी ठिपकीची पाठ भरेना. महिना झाला, दोन झाले, तशीच टकली. मी परत राख, खोबरेल, कडुलिंबाचं तेल सगळं करून बसले (तेल लावू नका, बाकीचं राहिलेलं पीस पण चिकट होतं). शेवटी भिंग घेऊन बघितलं तर टक्कल नव्हतंच ते, पिसांचे खुंट होते, कातडीत घट्ट बसलेले, दाढी दोन दिवस न केल्यासारखे. तर होतं असं की पीस मुळासकट उपटलं गेलं तर तिथे काही आठवड्यांत नवा कोंब येतो, पण नराच्या पायाखाली पीस मोडतं आणि दांड्याचं बूड आतच राहतं, ते बूड असेपर्यंत तिथे नवं पीस येत नाही, पुढची पिसं टाकायची पाळी आली की खुंट पडणार आणि मगच नवं. म्हणजे उपाय बरोबर असला तरी पाठ वर्षभर उघडी दिसू शकते. त्यामुळे उपायाचं मोजमाप पाठीवरून करू नका, जखमा नव्या होतायत का, खुंटांची संख्या वाढलीय का ते बघा, फोटो काढून ठेवा तारखेसह. खुंट चिमट्याने ओढून काढायचे नाहीत, दुखतं आणि रक्त येतं. नवीन कोंब येतो तो निळसर नळीसारखा असतो आणि त्यात रक्त असतं, तो मोडला तर ठिबकतं, म्हणून त्या दिवसांत नर लांबच पाहिजे. पीस म्हणजे बहुतेक सगळं प्रोटीन, तेव्हा कणी आणि कोंड्यावर पीस येणार नाही, मी धुऊन वाळवलेल्या सुकटीची पूड आणि थोडी शेंगदाणा पेंड देत होते, धुऊन अशासाठी की खारं मीठ कोंबडीला सोसत नाही.

दुसरा अपघात पहिल्याच पावसात. जून लागला आणि त्या सभ्य नराने दोन आठवड्यांत तिघींच्या पाठी खराब केल्या. जातीला आणि वजनाला तर काही दोष नव्हता. झालं होतं काय तर पाऊस आणि मुंगूस दोन्हीमुळे मी सगळ्यांना दिवसभर आठ बाय सहाच्या जाळीत कोंडलं होतं. मोकळ्या परसात कोंबडी नको असेल तर करवंदीच्या जाळीत घुसते, गडग्यावर चढते, लाकडांच्या मागे जाते, आणि नर पण चरण्यात अर्धा दिवस घालवतो. कोंडल्यावर तिला पळायला जागा नाही आणि त्याला उद्योग नाही. सासूबाईंच्या भाषेत, "पाऊस पडाक लागलो की कोंब्याक दुसरा काम काय?" एका नराला आठ ते दहा कोंबड्या असं सगळे सांगतात, हलक्या जातीला दहा-बारा आणि जड जातीला सहा-आठ. बरोबरच आहे, पण ती संख्या अंडी फळण्यासाठीची आहे, कोंबड्यांच्या पाठीसाठीची नाही. सहा कोंबड्यांत मोकळा फिरणारा शहाणा नर चालून जातो आणि दहा कोंबड्यांत कोंडलेला तरणा नर चालत नाही. अजून चार कोंबड्या आणा हा सल्ला मला पण मिळाला होता, आणल्या असत्या तर जागा अजून कमी झाली असती आणि लाडकी तरी ठिपकीच राहिली असती.

यावर जो उपाय टिकला तो साधा आहे, नराला वेगळं घर. खुराड्याला लागूनच चार बाय तीनची जाळी, मध्ये पार्टिशन, एकमेकांना दिसतात, रात्री शेजारी शेजारी झोपतात, त्यामुळे तो आरडाओरडा करत नाही आणि सोडल्यावर वेड्यासारखा सुटत पण नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळी, बुधवार आणि रविवार, साडेचारला दार उघडायचं, अंधार पडला की आत. पहिल्या दिवशी फार माज करतो, अर्ध्या तासात शांत होतो. पाऊस थांबलेला असेल तरच सोडायचा, म्हणजे सगळ्यांना परसू मोकळं मिळतं. आत खोपटात दोन फळ्या आडव्या लावल्या, एक जुना टोप पालथा घातला, आडोसा झाला की कोंबडीला त्याच्या नजरेआड जाता येतं, याने सुद्धा बराच फरक पडतो.

लगेच प्रश्न येतो की मग अंडी फळणार कशी. अहो फळतात. एकदा मेटिंग झालं की कोंबडीच्या अंगातच बारीक नळ्या असतात त्यात ते बीज दोन आठवडे तरी टिकतं, कधीकधी तीन, आणि रोजच्या अंड्याला तिथून पुरवठा होतो. नर सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाच्या अंड्यापासून फळलेलं मिळायला लागतं. दीड तासात नऊ वेळा ही गरज नराची आहे, अंड्याची नाही. माझी करडी खुडूक झाली तेव्हा तिच्याखाली अकरा अंडी ठेवली, सातव्या रात्री टॉर्चवर धरून बघितली, दोन निव्वळ काचेसारखी होती, नऊंमध्ये लाल जाळं, आणि एकविसाव्या दिवशी नऊ पिल्लं. हेच उलट बाजूने पण धरा, नर बदललात आणि पिल्लं नव्याचीच हवीत तर तीन आठवडे थांबा, जुना गेला तरी त्याचा माल शिल्लक असतो. आणि नुसती खायला अंडी हवी असतील तर नर लागतच नाही, कोंबडी तशीही अंडं घालते, पुण्याच्या माझ्या नणंदेला हे अजून पटलेलं नाही.

फळत नसतील तर कारणं बऱ्याचदा दुसरीच असतात, मेच्या उकाड्यात नर नुसता चोच उघडी टाकून पडलेला असतो आणि बीजही कमकुवत होतं, किंवा तो खाऊन थुलथुलीत झालेला असतो, किंवा पायाला कुरूप झालंय आणि चढून तोल राहत नाही. पायाचे तळवे उलटे करून बघा.

तिसरा अपघात आमच्याच घरचा. त्या नऊ पिल्लांतले चार नर निघाले. एक कुणाला तरी दिला, तीन राहिले, गोड होते, मुलाने नावं ठेवली, आणि साडेचार महिन्यांनी एका आठवड्यात तिघं आरवायला लागले. बापाला जाळीत ठेवून मी निवांत होते आणि बाहेर हे तीन. एक कोंबडी बसली की तिघं धावत, एक उतरतो तोवर दुसरा, तिसरा पहिल्याला ओढतोय, कडकनाथ बिचारी दिवसभर पेरूच्या झाडावर. एवढं करून अंडी पण फळेनात, कारण एकमेकांना ओढण्यात कुणाचंच काम पुरं होत नव्हतं. यात सुधारेल सुधारेल करून थांबण्यात अर्थ नाही. लहान कळपात दुसरा नर म्हणजे एक तर वेगळी जाळी (नुसते नर-नर एकत्र, कोंबडी दिसत नसेल तर बऱ्यापैकी राहतात), नाहीतर बाजार, नाहीतर सासूबाई विचारतात तेच, "मगे वडे कधी करतलंस?" मुंबईचे पाहुणे यायचे होते, वड्यांचं पीठ दळून आणलं, पुढचं सांगत नाही, मुलगा दोन दिवस जेवायला मागच्या पडवीत बसला. तेव्हापासून नियम, पिल्लं तीन महिन्यांची झाली, तुरा लाल व्हायला लागला की कोण राहणार कोण जाणार ते ठरवायचं, आणि जाणाऱ्याचं नाव ठेवायचं नाही.

मध्येच एक सांगते, तुऱ्यावर काळ्या खपल्या दिसल्या तर लगेच नरावर आळ घेऊ नका. चोचीने धरल्याच्या खपल्या एक-दोन आणि मागच्या बाजूला असतात. तुऱ्यावर, डोळ्याभोवती, चोचीच्या कडेला मोहरीएवढ्या मसासारख्या बऱ्याच आल्या तर तो देवीचा रोग (फाउल पॉक्स) आहे, डास पसरवतात, तिला वेगळं करा आणि डॉक्टरांना दाखवा.

चौथा अपघात मात्र मला कळतच नव्हता. नर एकच, जाळीत, आठवड्याला दोन संध्याकाळी सुट्टी, नखं घासलेली, पोरं मार्गी लागलेली, ऑक्टोबर, परसू मोकळं. आणि तरी ठिपकीच्या डोक्यामागे परत ताजं टक्कल आणि पाठीवर ओरखडे. रात्री टॉर्चने बघितलं, उवा नाहीत. संध्याकाळी पायरीवर बसले, काही नाही. आपसात टोचतायत म्हणून पेंड वाढवली. कॅमेरा लावायचं पण मनात आलं होतं, तेवढ्यात तांबडी खुडूक झाली, तिला अंड्यांवर बसवलं आणि मी ते विसरले.

एकविसाव्या दिवशी पिल्लं निघाली आठ, आणि त्यातल्या तिघांच्या मानेला पीसच नाही. पुढे एवढासा झुपका आणि बाकी मान गुलाबी. आधी वाटलं आजारी आहेत, मग ट्यूब पेटली. उघड्या मानेची गावठी असते ना, तिचा तो गुण एका बाजूने आला तरी पिल्लात दिसतो, लपत नाही, आणि एकाच बाजूने आला की मानेपुढे तो झुपका राहतो. माझ्याकडे तसली कोंबडी एक नाही, नराची मान सिंहासारखी. गडग्यापलीकडच्या काकींचा नर मात्र उघड्या मानेचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता, मी कधी त्या वेळी मागे जातच नाही, जेवणं असतात, खिडकीत उभी राहिले. साहेब गडग्यावर उडी मारून आले, फणसाखाली पाचोळा उकरून ठिपकीला हाका मारल्या, बाई गेल्या, आणि दहा मिनिटांत साहेब परत पलीकडे. आमचा नर जाळीतून बघतोय. म्हणजे मी बिचाऱ्याला कोंडून ठेवलं तिथे रिकामी झालेली जागा शेजाऱ्याने घेतली, तो बाहेर असता तर त्याने याला गडग्यावरच अडवलं असतं.

आता गडग्यावर जुनी मासे धरायची जाळी बांबूला बांधून तीन फूट उंच केलीय, बुधवार-रविवारच्या जोडीला दुपारी तासभर आमचाही नर बाहेर असतो, आणि ठिपकीला सध्या जॅकेट. तिघं उघडी मानवाली पिल्लं टोपलीत घालून काकींना दाखवायला नेली. काकी आधी म्हणाल्या, "माझो नाय हां, माझो घरातच असता." मग एक पिल्लू उचलून मान निरखून बघितली आणि म्हणाल्या, "मगे माझो वाटो खंय?"